माझं कार्ड यासीनमामांच्या हातात सापडलं

आज दुपारी पाबळला ज्या माणसाला माती दिली, तो माझ्या खोटेपणाची शिक्षा भोगून गेला.

कंपनीत हे कुणालाच माहीत नाही. आजपासून असू दे.

सहा वर्षांपूर्वी मी शिक्रापूरला एका कंपनीत सीएनसी ऑपरेटर होतो. कायम थर्ड शिफ्ट मागून घेतलेली, कारण सकाळी शिरूरला बी.कॉम.चं कॉलेज. लग्न झालेलं. मुलगी आठ महिन्यांची.

सुजाता, माझी बायको, म्हणायची, "तिला तुमच्यापेक्षा दूधवाला जास्त ओळखीचा झालाय."

शिफ्ट सातला सुटायची. पहिलं लेक्चर साडेसातला. मध्ये सगळा हायवे, आणि ट्रकच ट्रक.

माझ्यानंतर त्याच मशीनवर यासीनमामा यायचे. पाबळचे, पन्नाशी ओलांडलेले. माझी अटेंडन्स भरत नाही, परीक्षेला बसू देणार नाहीत, हे एकदा बोलता बोलता त्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी ते सव्वासहालाच हजर.

"जा तू. मशीनला काय कळतंय, समोर कोन उभं हाय."

"आणि पंच, मामा?"

"कार्ड दे हिकडं. सातला माझ्यासंगं तुझंबी करतो."

मागच्या गेटला तेव्हा कुणी कार्ड बघत नव्हतं. मी निघालो.

दोन वर्षं असंच चाललं. त्यासाठी ते घरून किती वाजता निघतात, पोटात काही घालून येतात का, मी एकदाही विचारलं नाही.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला नऊ दिवस राहिले होते. सुपरवायझरने मामांना दोन कार्डांसह पकडलं.

दुपारी मला घरून बोलावून घेतलं. मामा आधीच केबिनमध्ये उभे होते.

"कार्ड तू दिलं होतंस का यांना?" मॅनेजर साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. मला बरं नव्हतं, म्हणून लवकर निघालो. कार्ड मशीनवर राहिलं. पंच करा असं मी कुणाला सांगितलं नव्हतं."

सलग बोललो. अडखळलोसुद्धा नाही.

मामांनी माझ्याकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाले, "व्हय साहेब. म्याच उचललं. पोराचा खाडा पडंल म्हनून केलं."

मला वॉर्निंग.

त्यांना पंधरा दिवस सस्पेन्शन. परत आल्यावर मशीन काढून घेतलं आणि डिस्पॅचला लोडिंगवर टाकलं. बावीस वर्षं मशीन चालवलेला माणूस खोकी उचलायला लागला.

घरी येऊन सुजाताला सगळं सांगितलं. ती मुलीला भरवत होती. हात तसाच थांबला.

"आत्ता जा आणि खरं सांगून या."

"परीक्षा होऊ दे," मी म्हणालो.

परीक्षा झाली. मग म्हणालो, निकाल लागू दे. मग ऑफिसमध्ये जागा निघाली, तर ती मिळू दे.

मिळाली. सुजाताने तो विषय काढायचंच सोडलं.

माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून डिस्पॅच दिसायचं. मी टेबल फिरवून घेतलं.

एकदा कॅन्टीनच्या रांगेत मामा नेमके माझ्या मागे आले.

"पास झाला का रं?"

"झालो मामा. फर्स्ट क्लास."

"मंग झालं तर."

तेवढंच. माझ्या तोंडाशी आलं होतं. रांग पुढे सरकली, मीही सरकलो.

ते रिटायर झाले त्या दिवशी मी रजा टाकली होती.

आज कब्रस्तानात सगळ्यात मागे उभा होतो. सगळं झाल्यावर त्यांचा मुलगा जवळ आला.

"तुम्ही अब्बांच्या कंपनीतले ना? तिथं एकजण रात्रभर काम करून कॉलेज करायचा म्हणे. अब्बा आम्हाला लई सांगायचे त्याचं. नाव कधी सांगितलं न्हाई. तो आलाय का?"

मी म्हणालो, "दिसला नाही."

आजसुद्धा. तिथे उभं राहून.

घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

कार्ड मी दिलं होतं. रोज, माझ्या हाताने. मामांनी उचललं नव्हतं.

उद्या सकाळी पाबळला जाऊन त्यांच्या मुलाला सांगणार आहे की तो मीच. तिथून कंपनीत जाऊन हेच लेखी देणार आहे. पुढे काय होईल ते होईल. सुजाताला विचारलं, तर म्हणाली, "मीबी येते पाबळला."

यासीनमामा, तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं, ते तुमच्या माघारी बोलतोय.

माफी मागायला फार उशीर केला.

तुम्हाला शेवटचा सलाम.