झकास सुरुवात, पुढं सिंगल बेल

अंगणात एक मोडकी सायकल उभी करून ठेवा. वर्षभरात तिच्यावर पोती येतात, सुतळी येते, फुटकी बादली येते. मुद्दाम कुणी ठेवत नाही, साठत जातं. आमच्या पुस्तकांच्या टोळीचे किस्से तसेच साठलेत. एक हलवायला गेलो की सगळे अंगावर येतात!

पौडच्या पुढं, धरणाच्या रस्त्याला सरूवहिनीची चहाची टपरी होती. दुपारची एसटी गेली की गिऱ्हाईक संपायचं आणि आम्ही बसायचो. मी, भातशेतीवाला भिकू, खुद्द सरूवहिनी आणि वाचायला सोपान. सोपान म्हणजे एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर. मी चौथीत शाळा सोडली, जोडाक्षर आलं की माझी गाडी चिखलात रुतते. भिकूला चष्मा लावायची लाज. सोपानचा आवाज मात्र जन्मभर "पुढं सरका!" ओरडून तयार झालेला. तो कादंबरी वाचायला लागला की रस्त्यावरची म्हैस थांबायची.

नियमही त्याचाच. गाडीत घंटी एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. आमच्याकडं घंटीच्या जागी पितळेचा पेला आणि चमचा. गोष्ट चांगली चालली तर डबल बेल. फसली की सिंगल, आणि पुस्तक तिथंच बंद. लेखक केवढाही मोठा असो!

एक गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. सोपान स्वतः कादंबरी लिहीत होता. रिटायर झाल्यापासून तेवढा एकच ध्यास. आम्ही म्हणायचो, वाच की. तो म्हणायचा, "वाचनार. तुमच्याच पुढं वाचनार. पन भ्या वाटतंय. तुमी मानसं हायेत का कसाई?"

*

पहिली सिंगल बेल मला अजून आठवते. खुनाची कादंबरी होती. लग्नाची पंगत उठते, सगळं वऱ्हाड पोटभर पाणी पितं, आणि मग विहिरीत नवरदेवाच्या मामाचं प्रेत सापडतं. काय सुरुवात! सरूवहिनीनं त्या दिवशी स्वतःच्या माठातलं पाणी ओतून टाकलं.

पंधरा दिवस आम्ही खुनी शोधत होतो. माझा संशय आचाऱ्यावर. भिकूचा भटजीवर. भिकूचा संशय कायम भटजीवरच असायचा. आणि शेवटाला खुनी कोण निघाला? मामाचा जुळा भाऊ! आख्ख्या पुस्तकात ज्याचं नाव नाही तो!

भिकू उठला, चमचा घेतला, टण!

"आरं, चारच पानं राहिलीत," सोपान म्हणाला.

"राहू दे! जुळा व्हता तर आधी का न्हाई दावला? लग्नाला आला न्हाई, पंगतीला बसला न्हाई, आन् आता एकदम खून करतोय व्हय?"

सोपाननं पुस्तक मिटलं. जाताना हळूच मला म्हणाला, "माझ्यात बी एक जुळा हाय. काढतो."

*

मग एका मोठ्या नावाच्या लेखकाची कादंबरी आली. माणूस लई वर्षांनी गावी परततो. बघतो तर त्याच्या घरात त्याचंच नाव लावून दुसरा माणूस राहतोय. बायकोही त्यालाच "अहो" म्हणतेय. मी म्हटलं, आता मजा!

कसली मजा? तो दारात उभा राहिला तो राहिलाच. उंबऱ्याकडं बघतो, विचार करतो. चौकटीकडं बघतो, विचार करतो. सोमवारी दारात, मंगळवारी दारात. बुधवारी त्याला बालपण आठवलं. दारातच!

सरूवहिनी दूध ढवळत ऐकत होती. शेवटी तिचा संयम सुटला. "सोपानभावजी, त्याला कुनीतरी आत घ्या हो! न्हाईतर हिकडं तरी पाठवा, च्या देते!"

टण!

सोपान घाम पुसत म्हणाला, "तो विचार करतोय, वहिनी. त्याला साहित्य म्हनत्यात."

"आमचे हे बी दारात उभं राहून लई विचार करायचे," वहिनी म्हणाली. "आत आल्यावर कळायचं, पिशवी इसरलेत!"

दुसऱ्या दिवशी सोपाननं सांगितलं, त्याच्या कादंबरीतला हिरो नदीकाठी विचार करत बसायचा, त्याला उठवला.

*

भुताची कादंबरी मात्र आम्हाला खरंच लागली. लवासाच्या वाटेवर दिसतात ना, तशा अर्ध्या राहिलेल्या इमारती. त्यातल्या एका इमारतीत एकटा वॉचमन. खिडक्यांना काचा नाहीत, वायरिंग नाही, आणि रोज संध्याकाळी चौथ्या मजल्यावर दिवा लागतो. भिकूचा पुतण्या असल्याच साईटवर वॉचमन होता. भिकूनं त्याला फोन करून सांगितलं, "चवथ्या मजल्यावर जाऊ नगंस."

तो म्हणाला, "काका, हितं तीनच मजले हायेत."

"मग तर मुळीच जाऊ नगंस!"

असली भीती घालणारं पुस्तक! आणि भूत समोर आलं, तर त्यानं काय करावं? भाषण! डोंगर वाचवा, झाडं वाचवा, पाणी वाचवा. तीन पानं! वॉचमन बिचारा घाबरायचं सोडून मान डोलावतोय.

मी म्हटलं, "डोंगर वाचवावा हे खरं हाय. पन भुतानं आधी भ्या तर दावायचं!"

भिकू म्हणाला, "मेल्यावर बी भाषण सुटंना, म्हंजे जित्तेपनी पुढारी असनार!"

टण. सोपाननं त्याच्या हिरोचं पंधरा ऑगस्टचं भाषण काढून टाकलं.

*

तेवढ्यात भिकूकडं अमोल नावाचा भाडेकरू आला. अमरावतीकडचा पोरगा, हिंजवडीला आयटीत. सुट्टीच्या दिवशी तोही टोळीत बसायला लागला. त्यानं एक प्रेमाची कादंबरी आणली. कंपनीच्या कॅबमध्ये एक मुलगा, एक मुलगी वर्षभर शेजारी बसतात, एक शब्द बोलत नाहीत. ट्रॅफिक जाम झाला की दोघांनाही आनंद होतो. मला प्रेमकथा आवडत नाहीत, पण ही आवडली. डबल बेल, पुन्हा डबल बेल!

शेवटी एके दिवशी कॅब येते, मुलगी नसते. मुलगा खिडकीतून बाहेर बघतो. संपलं.

"फुडचं पान फाटलंय का?" मी विचारलं.

"नाही काका. एंडिंग ओपन आहे. आपण ठरवायचं."

"आमी ठरवायचं? मग पुस्तकावर नाव त्याचं कशाला?"

अमोल मात्र कळवळून लेखकाची बाजू घेत होता. वहिनीनं त्याच्याकडं जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "बाळा, तुझ्या कॅबमध्ये कोन बसायची रं?"

पोरगं लालबुंद झालं. त्या दिवशी बेल कुणीच वाजवली नाही.

*

आता तिथं टपरी नाही. रस्ता रुंद झाला. वहिनी भोरला लेकीकडं गेली. भिकू गेल्या वर्षी गेला. चष्मा शेवटपर्यंत लावला नाही बेट्यानं. सोपान हिंजवडीत मुलाच्या फ्लॅटमध्ये लई उंचावर राहतो. फोनवर म्हणतो, "हितनं खाली बगितलं की समद्या गाड्या थांबलेल्याच दिसत्यात रं." दुपारची एसटी गेली की माझा पाय अजून तिकडं वळतो.

पण सोपाननं स्वतःची कादंबरी वाचली तो दिवस सांगायचा राहिला.

मे महिना होता. सोपान इस्त्रीचा शर्ट घालून आला, पिशवीतून कागद काढले. पहिलंच प्रकरण. सकाळची गाडी, पौडला एक म्हातारी चढते आणि कंडक्टरकडं तिकीट मागते. कुठलं? धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावाचं! कंडक्टर जन्मला नव्हता तेव्हा बुडालेल्या गावाचं!

भिकूचा चहा हातातच राहिला. वहिनीनं स्टोव्ह बंद केला. मला वाटलं, गड्यानं जिंकलं!

दुसऱ्या प्रकरणात चोरांची टोळी आली. बुडालेल्या देवळातली मूर्ती आली. पुण्याची पत्रकार पोरगी आली. कंडक्टरनं गाडीच्या टपावर चार गुंड लोळवले. म्हातारीचा पत्ता नाही. भिकू पेंगायला लागला. अमोल मोबाईलकडं बघायला लागला. चमच्याला कुणी हात लावेना. सोपान वाचता वाचता आमच्या तोंडाकडं बघत होता.

शेवटी मीच वाजवली. एकदाच.

सोपानचं तोंड उतरलं. "का रं?"

"ती म्हातारी कुटं गेली?"

"तिचं काम संपलं. ती नुसती सुरुवातीला."

"मग तुझी कादंबरी बी तितंच संपली, सोपान."

अमोलनं हळू विचारलं, "काका, ती आजी सुचली कशी तुम्हाला?"

"सुचली कुटं? बसली व्हती की माझ्या गाडीत!"

"आन् हे लिवायचं सोडून तू गुंड लिवलेस?" भिकू खडबडून जागा झाला.

"त्यात काय लिवायचं? घडलंच तेवढं."

वहिनी पुढं आली. "तिकीट दिलं का न्हाई, तेवढं सांगा भावजी."

सोपाननं कागद पिशवीत घातले. आणि पहिल्यांदाच, न वाचता, हळू आवाजात बोलायला लागला.

"दिलं. शेवटच्या थांब्याचं. धरणाचं पानी पार आटलं व्हतं. गाडीला टाईम व्हता, मला भ्या वाटलं म्हनून मागं मागं गेलो. ती भेगाळलेल्या गाळातनं सरळ चालत गेली. कुनाला इचारलं न्हाई. एका जागी थांबली. तितं काईच न्हाई, चार दगडं. तितं तिनं चपला काढल्या. कडी वाजवावी तसा हात केला. जरा थांबली, परत वाजवली. मग चपला घातल्या आन् मागं फिरली. गाडीत येऊन त्याच सीटवर बसली. मी म्हनलं, आजी, झालं का? तर म्हनली, 'घरात कुनी न्हाई. परतीचं दे.'"