फ्रान्सची राणी आणि पाथर्डीची आत्या

आमची ताई सख्ख्या आत्याच्या मुलाला दिली होती, पाथर्डीला. लग्नाआधी ती आत्याला 'ए आत्या' म्हणायची, लग्नानंतर 'अहो आत्या' म्हणू लागली. मी 'ए'च म्हणत राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. ताई दिवाळीला माहेरी नगरला आली ती परत गेलीच नाही. तिची लहान मुलगी सासरीच होती. असं का, ते मला कुणी सांगेना. आईला विचारलं तर म्हणे, "तू अभ्यास कर."

अभ्यासात तेव्हा फ्रान्स चालू होतं. इतिहासाच्या नव्या बाई पुस्तक मिटून सांगायच्या. आठशे वर्षांपूर्वीची एक सरदारकन्या. बापामागे तिच्याकडे एवढी जहागीर आली, की खुद्द राजाकडे तेवढा मुलूख नव्हता. राजघराण्यानं तिला सून करून घेतलं. तिला दोन मुली झाल्या. पुढे राजाराणीचं पटेना. मग धर्मगुरूंनी पिढ्या मोजल्या. नवराबायको एकमेकांचे नातलग निघाले आणि लग्नच रद्द झालं!

मी हात वर केला. "बाई, किती जवळचे नातलग?"

"चार-पाच पिढ्यांमागचा पूर्वज एक."

मी गारच पडले. ताईचे आणि भावजींचे तर आजोबाच एक होते.

"मग राणीनं काय केलं?"

"लगेच दुसरं लग्न केलं. आणि हा दुसरा तर पहिल्यापेक्षाही जवळचा नातलग."

"मग ते कसं चाललं, बाई?"

"चाललं खरं," बाई हसून म्हणाल्या आणि घंटा झाली.

माझं डोकं चक्रावून गेलं. संध्याकाळी मेथी निवडता निवडता मी सगळं ताईला सांगितलं.

"जमीन तिची तिला परत मिळाली?" ताईनं विचारलं.

"मिळाली."

"आणि मुली?"

"त्या राजाकडेच राहिल्या."

ताईच्या हातातली जुडी तशीच राहिली. "राणी असून?" एवढंच ती म्हणाली.

थोड्याच दिवसांत आत्या ताईला न्यायला आली. ताई दाराला टेकून उभी राहिली. "अहो आत्या, हे लग्न व्हायलाच नको होतं. आपण फार जवळचे. फ्रान्सच्या राणीचं लग्न एवढ्यावरूनच मोडलं."

आत्या बघतच राहिली. वडिलांकडे वळून म्हणाली, "दादा, ही काय बोलतेय? फ्रान्सात आपलं कोण आहे?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं.

"अगं, जवळची म्हणूनच तर तुला मागितली," आत्या म्हणाली.

"तेच तर म्हणते मी. परक्या घरी नवऱ्यानं मारलं असतं, तर आत्याच्या गळ्यात पडून रडले असते. आता कुणाकडे रडू?"

भावजी मारतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पण वडिलांचा चेहरा पाहून वाटलं, त्यांना ते आधीच ठाऊक असावं. आत्या पाणीसुद्धा न पिता दुपारच्या मोटारीनं परत गेली.

पुढच्याच आठवड्यात ती पुन्हा आली, ताईच्या मुलीला कडेवर घेऊन. मुलीला तिनं ताईच्या मांडीवर बसवलं.

"ही तुझ्याकडे राहू दे. त्याला मी बघते."

मला वाटलं, आता ताई हसेल. ती हमसून रडायला लागली. आत्याही रडली. आई मात्र स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. कोण कुणाच्या बाजूनं आहे, याचा मला पत्ता लागेना.

ताई परत गेली नाही. पुढे ट्रेनिंग घेऊन ती मास्तरीण झाली. भावजी वर्षातून एकदा यायचे, ओसरीवर बसून मुलीला बघायचे. ताई त्यांना चहा द्यायची, पाथर्डीच्या पाऊसपाण्याची चौकशी करायची. कुंकू तिनं कधी पुसलं नाही. ते लग्न मोडलं होतं की चालू होतं, हे आमच्या घरात कुणालाच नीट सांगता आलं नसतं.