मान किती वेळा हलते?

माझा धाकटा दीर दिवसभर काचा कापतो आणि घरी आला की माझं डोकं खातो. दोन्ही कामांत त्याचा हात धरणारं कोणी नाही. गल्लीतली पोरं त्याला धडधड्या म्हणतात. मी भावोजी म्हणते, कारण वहिनीला तेवढं तरी पथ्य पाळावं लागतं. मनात काय म्हणते ते विचारू नका.

या माणसाला एका संगीताने झपाटलंय. ड्रम अँड बेस नावाचा एक प्रकार असतो, त्यात ड्रम सुसाट पळतात आणि खाली जाडजूड बेस, म्हणजे खर्जातला आवाज, घुमत असतो. त्यातलीही एक आडवाट आहे, हाफटाइम. वेग मिनिटाला एकशे सत्तर ठोक्यांचा, पण जड ठोका असा थांबून थांबून पडतो की ऐकणाऱ्याला निम्माच वाटतो. हे सगळं मला भांडी घासताना शिकवलं गेलंय. फोनवर लावून दाखवायचा, तर मला नुसती टिकटिक ऐकू यायची.

"वहिनी, फोनमधून बेस येतच नाही. तो छातीत घ्यायचा असतो."

"छातीत घ्यायला तुमची काळजी आहे तेवढी पुरे."

गेली नऊ वर्षं तो या हाफटाइमचा प्रसार करतोय. तो कामाला असतो ते काचेचं दुकान दर रविवारी दुपारी बंद असतं, तेव्हा खालच्या गोडाऊनमध्ये हा मैफल भरवतो. कपाटाएवढे दोन स्पीकर त्याने प्लायवूड आणून स्वतः ठोकलेत. काचा खडखडू नयेत म्हणून आधी प्रत्येक दोन काचांमध्ये रबराच्या पट्ट्या खोचतो, मग एकेका काचेला टिचकी मारून कान लावून बघतो. एवढी मेहनत, आणि ऐकायला येणार कोण, तर एक लिफ्ट दुरुस्त करणारा आणि त्याच्यासारखीच आणखी दोन-तीन टाळकी. सगळे भिंतीकडे तोंड करून उभे.

माणसं का येत नाहीत, हे कळायला ज्योतिषी नको. पोस्टर काळंकुट्ट. त्यावर हाफटाइम एवढा एक शब्द आणि खाली फोन नंबर. पत्ता नाही.

"पत्ता कुठाय?" मी विचारलं होतं.

"पत्ता टाकला की कोणीही येतं."

"मग प्रसार कशाचा करताय, गैरहजेरीचा?"

पत्ता फोनवर मिळतो, पण तोही लगेच नाही. आधी हा एक प्रश्न विचारतो: एकशे सत्तर ठोके पडले तर मान किती वेळा हलते? उत्तर 'निम्म्या वेळा'. ते आलं तर पत्ता, नाहीतर "धन्यवाद" म्हणून फोन बंद. या पंथातल्या लोकांची ही रीतच आहे म्हणे, ते तिला चाळणी म्हणतात. मी दाताच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनला बसते. फोन करणाऱ्याला आम्ही 'आधी तुमच्या दाढा किती ते सांगा' असं विचारलं असतं, तर डॉक्टर आज भाजी विकत बसले असते. मी त्याला म्हटलंही, "भावोजी, चाळायला आधी चाळणीत काही पडावं लागतं." तो हसला फक्त.

मग दुकानाच्या मालकांनी त्याला बोलावलं. मालक भला माणूस, पण काच फुटली तर आधी काचेची चौकशी करणार, मग हाताची. बाथरूमच्या काचेच्या दरवाजांचा ट्रक यायचा होता आणि ठेवायला जागा नव्हती.

"या रविवारी मी स्वतः बघायला येतो," ते म्हणाले. "गोडाऊन माणसांनी भरलेलं दिसलं तर दरवाजांचं दुसरीकडे बघतो. नाहीतर सोमवारी ट्रक इथेच रिकामा होणार."

घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. मी म्हटलं, आता हातपाय हलवायलाच हवेत. त्याच्या भावाने, म्हणजे आमच्या ह्यांनी, रोजच्या बसस्टॉपवर पोस्टरं चिकटवली. मी डॉक्टरांच्या हातापाया पडून दवाखान्यात एक लावलं. ज्यांचं तोंड बधिर केलंय, म्हणजे ज्यांना नाही म्हणता येत नाही, अशा पेशंटांनाही मी या या म्हणून सांगत होते. आणि फोन यायला लागले! तो काच कापताना यायचे, जेवताना यायचे. तो उठून बाहेर जाऊन बोलायचा. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

रविवारी मी पहिल्यांदाच त्या गोडाऊनमध्ये उतरले. पट्ट्या खोचलेल्या, स्पीकर पुसलेले, आणि माणसं तीच. लिफ्टवाला आणि टाळकी.

"बाकीचे कुठायत?" मी विचारलं.

"कोण बाकीचे?"

"अहो, एवढे फोन आले ना!"

त्याने मान खाली घातली. "आले. पण एकही पास झाला नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जागा जायची वेळ आली, आणि हा दारात बसून परीक्षा घेतोय! मी तोंड उघडणार, तेवढ्यात मालकांचे बूट जिन्यावर वाजले, आणि त्याने घाबरून बटण दाबलं.

आधी तीच टिकटिक. मग फरशीतून काहीतरी वर आलं. पोटऱ्यांत, पोटात, मग कोणी छातीवर जड हात ठेवावा तसं तिथे येऊन थांबलं. माझा राग जागच्या जागी राहिला, पण श्वास मोठा झाला. किती वेळ गेला कोण जाणे. पाहिलं तर तो माझ्याकडे बोट दाखवत होता. माझी मान हलत होती, सावकाश, बरोबर निम्म्याने. मला कोणी काही विचारलं नव्हतं.

मी मागे वळले. मालक शेवटच्या पायरीवर उभे होते, आणि त्यांचीही मान तशीच हलत होती.

आवाज थांबल्यावर ते पायरी उतरून आत आले. मग म्हणाले, "हे असं असतं होय? चांगलं आहे की रे! मग इतकी वर्षं कुणाला सांगितलं का नाहीस?"

नऊ वर्षं प्रसार करणारा माझा दीर वाकून जवळच्या काचेची पट्टी नीट करायला लागला. मला रागाने रडू आलं. मालकांनी रिकाम्या गोडाऊनवर एकदा नजर फिरवली, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ट्रक उद्या सकाळी येईल. तुझं सामान आजच काढ."

आता ते स्पीकर आमच्या बोळात उभे आहेत. मी त्यांच्यावर वाळलेले कपडे ठेवते आणि ते घसरले तर तोच उचलून परत वर ठेवतो, हेच मला जास्त लागतं. परवा संध्याकाळी त्याचा फोन वाजला. बोटाला काच लागून पट्टी बांधलेली, म्हणून त्याने स्पीकरवर टाकला. कुणी मुलगी होती.

"ते हाफटाइम का काय ते तुमच्याकडेच ना? बसस्टॉपवर पोस्टर बघितलं. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, पण येऊन ऐकलं तर चालेल का?"

मी हातातलं काम थांबवलं. आता हा मान किती वेळा हलते ते विचारणार. पण त्याने नाही विचारलं.

"या ना," तो म्हणाला. त्याचा आवाज मी इतका मऊ कधी ऐकला नव्हता. "काही कळायला नको. नुसत्या या."

"बरं झालं! मग पत्ता सांगा ना."

त्याने तोंड उघडलं, बोळातल्या कपड्यांच्या ढिगाकडे पाहिलं, आणि ते उघडंच राहिलं.