बसलिंगप्पाच्या घरची बाळंतीण

त्या उन्हाळ्यात भवानी पेठेत एक कुजबुज फिरत होती. बसलिंगप्पानं घरात बाई आणून ठेवलीय आणि ती बाळंत झालीय! माणूस अडुसष्ट वर्षांचा, जिना चढताना दोनदा बसणारा, त्यामुळं बातमीला चव जरा जास्तच. ती पहिल्यांदा फोडली शेजारच्या सोजरबाईंनी, नळावर. स्वतःची घागर भरून वाहत होती तिकडं बाईंचं लक्ष नव्हतं.

"म्या माज्या कानानं ऐकलं की. 'खा गं, पाच लेकरं हायत तुला,' म्हणत हुता."

"पाच?" बाकीच्या बायका घागरी विसरल्या.

"पाच! आन् खिडकीला वलं गोणपाट लावलंय. कशापायी?"

सोजरबाईंचे कान तिखट खरेच, पण या खेपेला त्यांना फार कष्ट पडले नव्हते. बसलिंगप्पाची चौतीस वर्षं यंत्रमागावर टॉवेल विणण्यात गेली. त्या खडखडाटात शेजारच्या मागावरच्याला वेळ विचारायची तरी बोंब मारावी लागे. कान तिथंच गेले, बोंब तेवढी राहिली. हा गृहस्थ कानात सांगायला लागला की पलीकडच्या गल्लीतलं कुत्रं मान वर करतं.

आत होती एक सशीण. राखी रंगाची, एक कान दुमडलेला. वरच्या खोलीतला भाडेकरू अनिलकुमार रेल्वेत होता. त्याची कुर्डुवाडीला बदली झाली तेव्हा जाताना पिंजरा खाली बसलिंगप्पाच्या माडीच्या दारात ठेवून म्हणाला, "आप्पा, फक्त आठ दिवस सांभाळा. बिऱ्हाड लागलं की नेतो." आठाचे पंधरा झाले, पंधराचा महिना होत आला. फोन करावा तर उचलेना. आणि एका सकाळी पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, सशिणीनं स्वतःच्याच पोटाचे केस उपटून केलेल्या गादीत, पाच उघडी पिल्लं वळवळत होती.

बसलिंगप्पा घाबरला. मग त्याला एकदम हुरूप आला. गेल्या तीन वर्षांत, बायको सुंदरम्मा गेल्यापासून, त्याच्याकडून कुणी काही मागितलंच नव्हतं. लेक शिवलीला बेळगावला. रविवारी फोन करायची, "गोळ्या घेतल्या का?" विचारायची, त्यानं "घेतल्या" म्हणायचं, झालं.

बाळंतिणीला काय देतात? शिवलीलाच्या जन्माच्या वेळी सासू डबे घेऊन आली होती. हा तेव्हा दोन-दोन पाळ्या मारत होता, घरी यायचा तो झोपायला. सुंदरम्मानं तेव्हा काय खाल्लं, किती खाल्लं, ते त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. डिंकाचा आणि तुपाचा वास तेवढा आठवत होता. मग त्यानं सशिणीपुढं तेच मांडलं. डिंकाच्या लाडवाचा चुरा, गूळ, शेंगदाणे, ज्वारीची भाकरी कुस्करून. उन्हाची झळ लागू नये म्हणून खिडकीला ओलं गोणपाट लावलं. आणि समोर मांडी घालून कानडी-मराठीत सुरू, "तिन्नव्वा, तिन्न. खा गं माझी बाय. पाच लेकरं आहेत तुला."

तिनं खाल्लं. गुळाला कोण नाही म्हणतं? पण दहा दिवसांत पाठीवर हात फिरवला की मणका बोटाला लागायला लागला. लेंड्या पातळ झाल्या. पिल्लं गुबगुबीत आणि आई काडी. वर ती पिल्लांपासून लांबच बसायची. 'हिला आता पाजवतही नाही,' असं त्याच्या मनानं घेतलं. टोपलीत घालून तो जनावरांच्या दवाखान्यात पळाला.

सुकन्या डॉक्टरीणबाईंनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "आप्पा, डिंकाचा लाडू?"

"घरचाच आहे!" बसलिंगप्पा गरजला. बाहेरची म्हैस दचकली.

"घरचा असू दे. तिचं पोट गवताचं आहे. पाजते ती दिवसातून एकदा-दोनदाच, तीही पाच मिनिटं. बाकी वेळ लांबच बसते, तशीच त्यांची रीत. पण सगळं दूध ती स्वतःच्या अंगातून काढून देतेय. गूळ-भाकरी बंद. वाळलं गवत कायम पुढ्यात असू द्या. पाजतेय तोवर लसूणघास द्या, सशाचं गोळीखाद्य द्या, दोन्ही हळूहळू वाढवत न्या. पाणी मोठ्या भांड्यात. आणि रोज वजन करा. आज दीड किलो आहे, दोन हवं. आणखी उतरली तर आई जाईल, आणि मागोमाग पिल्लं."

लसूणघास म्हणजे गुरांचा चारा. तो आणायची कोपऱ्यावर भाजी विकणारी केराबाई. तिचं माहेर सांगोल्याकडं, जन्म शेळ्या-मेंढ्यांत गेलेला.

"का वो आप्पा, म्हस बांधली काय माडीवर?"

"दूध वाढायला पाहिजे."

"कुनाचं?" तिनं डोळे बारीक केले.

"आहे एक घरात."

बघा आता! हे ऐकायला मागं गिऱ्हाईक म्हणून उभ्या कोण, तर सोजरबाई. केराबाईनं हसत शेपूची जुडी वर टाकली. "मग ह्ये बी न्या. बाळंतिणीला शेपू लई चांगला."

डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, थोडा शेपू चालेल. बसलिंगप्पाला झालेला आनंद काय सांगावा! सुंदरम्माच्याही ताटात असणार अशी एक तरी गोष्ट बरोबर निघाली होती.

मग रोज सकाळी कामाला लागायचा. सुताची बंडलं तोलायचा जुना ताणकाटा त्यानं खुंटीला टांगला. टॉवेलाची झोळी, झोळीत सशीण. दीड. दुसऱ्या दिवशी दीडला थोडं कमी. त्या दिवशी त्याला घास गेला नाही. आठवड्यानं काटा पुन्हा दीडवर आला. मग पावणेदोन, अगदी रमतगमत.

काटा दोनला टेकला त्या सकाळी तो ओरडला, "भरलीस गं! भरलीस!" आणि सोजरबाईंना काही राहवेना. विरजणाची वाटी घेऊन त्या थेट आत. तीन वर्षांत त्या उंबऱ्याच्या आत आलेलं पहिलं माणूस.

"अगं बया! ससा?"

"बसा की. चहा टाकतो." बसलिंगप्पानं खुर्ची पुसली. सुंदरम्माचे कप शोधायला लागला.

पण सोजरबाईंना बातमीची घाई. त्या गेल्या. पेठ दोन दिवस पोट धरधरून हसली. पोरंटोरं "आप्पा, बाळंतीण बरी हाय का?" म्हणून खिडकीखाली ओरडली. हा वरून "बरीय! दोन किलो!" म्हणून खरंखुरं उत्तर द्यायचा. दोन कप त्यानं चार दिवस बाहेरच ठेवले होते. कुणी आलं नाही, तसे उचलून फळीवर ठेवले.

पिल्लं दोन महिन्यांची झाली. दोन केराबाईनं नेली, तीन डॉक्टरीणबाईंच्या ओळखीनं गेली. लसूणघास आता बंद झालाय, नुसतं वाळलं गवत. अनिलकुमारचा फोन एकदा आला. "आप्पा, ती राहू दे तुमच्याकडंच." बसलिंगप्पा "बरं" म्हणाला.

पेठ म्हणत होती तशी बाई त्याच्या घरात कधीच नव्हती. एक सशीण होती, आणि जेवताना बोलायला दुसरं कुणी नव्हतं.