चार इंच कमी

वडिलांची मिल बंद पडली आणि आमच्या घरात आईचं शिवणयंत्र दिवसभर वाजू लागलं. वडील मिलच्या ऑफिसात कारकून होते. आता ते पेपरात नोकरीच्या जाहिराती वाचत आणि आईला सुईत दोरा ओवून देत. इंदुरात तेव्हा रेडिमेड कपड्यांचे नवे कारखाने निघत होते. त्यातल्या एकात आईला मुलाखतीला बोलावलं. अट एकच होती, मोटरच्या पट्ट्यात पदर अडकतो म्हणून साडी चालणार नाही, सलवार-सूट घालून यायचं.

आमच्या गल्लीत चाळिशीच्या बाईनं सूट घालणं म्हणजे आयतंच बोलायला निमित्त. त्यात आई चांगली रुंद, भरलेली. मीही तिच्याच वळणावर गेलेली. पंधराव्या वर्षी मला आरशाचा राग यायचा. साडीत तिचं सगळं झाकलं जायचं, सूटमध्ये कसं झाकणार, याची मलाच जास्त धास्ती.

स्वतःचं माप स्वतः घेतलं की टेप सरकते, म्हणून तिनं ते मला घ्यायला लावलं. सीटचा, म्हणजे कमरेखालच्या घेराचा, आकडा पाहून मला इतकी लाज वाटली की मी सरळ चार इंच कमी सांगितले. अर्ध्या मोहल्ल्याची मापं घेतलेल्या बाईनं पोटच्या पोरीवर विश्वास ठेवला आणि तसंच कापड कापलं.

गिऱ्हाइकांची कामं उरकता उरकता तिचा स्वतःचा कुर्ता पुरा झाला तो थेट मुलाखतीच्या सकाळी. तो कमरेखाली उतरेचना.

"काय गं, हे माप कोणाचं? पडोसवाल्या काकूंचं?"

"मला वाटलं... एवढं मोठं कसं सांगू."

"तू नाही सांगितलं तर मी कमी होणार का? पूरा सूट बिघडवलास!"

मी रडायलाच लागले. साडी नेसून जा, नाहीतर उद्या जा, असं काहीबाही सांगत राहिले.

"बुलावा आजचा आहे," ती म्हणाली आणि बाजूच्या शिवणी उसवायला बसली. तपकिरी कापड उरलं नव्हतं, म्हणून एका पिवळ्या ब्लाउजपीसच्या पट्ट्या कापून दोन्ही बाजूंना जोडल्या. लांबूनही दिसत होत्या. मी ओढणी पसरून त्या झाकायला गेले, तर तिनं माझा हात बाजूला केला आणि ओढणी घडी घालून एका खांद्यावर पिन केली.

नळावरच्या शेजारणीनं विचारलंच, "वहिनी, ही नई फॅशन आहे का?"

"नाही हो. माझ्या मापाचं आहे," आई म्हणाली आणि टेम्पो पकडायला निघाली.

ती नोकरी तिला मिळाली, पुढे अकरा वर्षं तिनं ती केली. पण मला आठवते ती त्या सकाळची तिची पाठ. मी लपवलेले चार इंच, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, ती भर उन्हात सगळ्या गल्लीला दाखवत चालली होती, आणि मी दारात उभी राहून मनात म्हणत होते, देवा, मला हिच्यासारखं चालता येऊ दे.