सीटखालचा स्विच

देवपुरात गाडीचा आरसा बदलायला थांबलो, तेव्हा एक गृहस्थ माझ्या शेजारीच उभे होते. साठीपुढचे, पांढरा पायजमा, कडक इस्त्रीची टोपी. फिटर त्यांच्या जुन्या मोटरसायकलच्या पोटाखाली रंगीत दिव्यांची पट्टी चिकटवत होता. रस्त्यावरून कुणी ओळखीचं गेलं की ते चटकन वाकून टायर दाबून बघत, जणू पंक्चर काढायलाच आलेत.

"स्विच सीटखाले बसाडी दे, कोनले दिसाले नको," ते फिटरला हळूच म्हणाले.

मी कान टवकारले. आमच्याकडे नदीतली वाळू चोरणाऱ्यांना दुरून दिव्यांनी इशारा देणारे मोटरसायकलवाले असतात. मी गाडीचा नंबर पाठ केला आणि सरळच विचारलं, "नाना, स्विच लपवताय कशाला?"

ते ओशाळले. "गावमा शिरतांना बंद करना पडी ना भाऊ. या वयमा लोके हासतीन."

माझा काही विश्वास बसला नाही. इतकी साधी सबब चोरच सांगतो.

पुढच्या आठवड्यात, दिवस मावळल्यावर, शेतांमधल्या रिकाम्या रस्त्यावर समोरून निळा-गुलाबी उजेड येताना दिसला. नंबर तोच. जवळपास नदी नव्हती, वाळू नव्हती. गाडी अगदी सावकाश चालली होती आणि नाना वाकून वाकून डांबरावर सांडलेले रंग बघत होते.

मी कौतुकाने हॉर्न वाजवला.

ते दचकले. त्यांचा हात सीटखाली गेला, आणि रस्ता पुन्हा नुसता डांबराचा झाला.