सात लोटे पाणी

रनाळ्याला माझ्या वहिनीचं मिरची कांडपाचं यंत्र आहे. दादा शेती बघतो, यंत्र मात्र वहिनीचं एकटीचं. तिखटाची धूळ कुणाच्या नाकातोंडात जाऊ नये म्हणून गेल्या हंगामात तिने धूळ ओढणारा पंखा बसवून घेतला. धूळ गेली आणि घुमणं आलं. कांडपाची खडखड भिंतीपाशीच थांबायची, पण पंख्याच्या नळीतून निघणारं ते एकसुरी 'घूं' शेजारच्या घरात शिरून फडताळातली भांडी थरथरवायचं.

शेजारच्या काकांचं नुकतंच हृदयाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी दुपारी झोप सांगितलेली. काकू एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि त्यानेच वहिनी जास्त कष्टी झाली. मी सुट्टीत गेलो तेव्हा तिने मला दारातच सांगितलं, "भाऊ, गुरुवारलोंग हाई बंद नही व्हयनं, ते मी मशीन इकी टाकसू."

ती बोलते तसं करते, हे मला ती लग्न होऊन घरात आली त्या वर्षापासून ठाऊक आहे. गुरुवारपर्यंत घुमणं थांबलं नाही, तर यंत्र विकलं जाणार हे नक्की होतं.

मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की तिचा एक ठरलेला सूर निघतो. तशीच पोकळी नळीच्या कुशीला जोडली आणि तिचा सूर नळीतल्या आवाजाशी जुळवला, तर ती नेमका तेवढाच आवाज अडवते आणि हवा वाहायची तशी वाहत राहते. मोटारीच्या हवेच्या नळीत हीच युक्ती, विमानाच्या इंजिनाच्या अस्तरातही हीच. हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवतो, आणि शिकवताना माझी मान थोडी ताठच असते.

मोटरच्या पाटीवर लिहिलेले मिनिटाचे फेरे घेतले, पंख्याची पाती मोजली, हिशेब मांडला. नंदुरबारच्या पत्र्याचं काम करणाऱ्या एका चाचांकडून मापाची पत्र्याची कोठी करून आणली. चाचांनी एकही सांध उघडी ठेवली नव्हती. कोठी उभी केली, तिची मान नळीला जोडली, यंत्र सुरू केलं.

घूं. जसंच्या तसं!

मी चिडलो. पत्र्यावर चिडलो, चाचांवर चिडलो, विजेवर चिडलो. पुन्हा हिशेब केला, उत्तर तेच. बुधवार दुपार झाली होती आणि वहिनीने गिऱ्हाइकांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगायला सुरुवातही केली होती.

मग ती कोठीपाशी येऊन उभी राहिली. बोटाच्या पेराने तिने पत्रा वाजवला, कान लावला. ही बाई नळावर हंडा लावून पाठमोरी भांडी घासते आणि हंडा काठोकाठ आला की न बघता तोटी बंद करते. पाणी चढतं तसा हंड्याचा आवाज बारीक होत जातो, तो तिला ऐकू येतो. मला आजवर कधी आला नव्हता.

"भाऊ, तुम्हनी कोठी जाड आवाजमा बोली ऱ्हायनी. पंखा बारीक बोलस. थोडं पानी टाकी देखूत."

कोठीच्या वरच्या बुचातून तिने लोट्याने पाणी ओतायला घेतलं. एक लोटा, बूच लावायचं, ऐकायचं. पाचव्याला घुमणं विरळ झालं. सातव्याला गेलं. मी नको नको म्हणत असताना तिने आठवा ओतला आणि घुमणं परत आलं, तसा तिने मुकाट्याने एक लोटा काढून घेतला.

"पण माझा हिशेब चुकला कुठे?" मी विचारलं.

"मोटरले मोठी पुली मीच बसाडेल शे. पंखा जोरमा फिराले पाहिजे व्हता. तुम्ही इचारं कोठे?"

खरंच होतं. मोठ्या पुलीमुळे पंखा पाटीवरच्या फेऱ्यांपेक्षा जोरात फिरत होता. मी पाटीला विचारलं, जिचं यंत्र तिला विचारलं नाही. मला लाज वाटली, पण त्याहून जास्त तिचं कौतुक वाटलं. इतका तयार कान आमच्या कॉलेजात कुणाला नाही, मला तर नाहीच. पुढे पाण्याच्या जागी त्याच उंचीपर्यंत सिमेंट ओतलं, ते आजही आहे.

त्या दिवशी यंत्र चालूच ठेवलं. तासाभराने काकूंनी लगबगीने येऊन मागच्या बंद दाराबाहेरूनच हाक मारली. त्यांच्याकडे काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून त्या घाबरल्या होत्या.

"मशीन बंद कशी? तुले बरं नही का वं?"

वहिनीने दार उघडून नुसतं यंत्राकडे बोट दाखवलं. काकूंनी चालतं यंत्र पाहिलं आणि त्या आल्या तशाच परत गेल्या. पुन्हा आल्या तेव्हा त्यांच्या डोक्यावर पोतं होतं. वर्षाच्या मिरच्या, हंगाम सरत आला तरी तशाच पडलेल्या. इथे आणल्या तर काकांना आणखी त्रास, आणि दुसरीकडे नेल्या तर गाव म्हणेल, शेजारणीशी बिनसलं. म्हणून इतके दिवस त्या घरात उसनं तिखट चाललं होतं.

"त्या झोपी ग्यात," काकांच्या खोलीच्या दिशेने बोट करून काकू हळूच म्हणाल्या, "आते कांडी दे."